पडद्यावरचे प्रशिक्षण आणि हातातले काम

वाचकांचे प्रश्न

कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण वर्गखोलीतून संगणकाच्या पडद्यावर गेल्यामुळे ज्या अडचणी निर्माण झाल्या, त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत. काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी एका उत्पादक कंपनीच्या प्रशिक्षण विभागात १२ वर्षे काम करतो. व्यवस्थापनाने वर्षअखेरपर्यंत सर्व वर्ग बंद करून संपूर्ण प्रशिक्षण ऑनलाइन करण्याचे ठरवले आहे. प्रवास, मुक्काम आणि कामातला खाडा वाचेल, हे त्यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. पण समोरासमोर शिकवण्याची सर पडद्याला येणार नाही, असे माझे मन सांगते. हे मी बैठकीत कोणत्या आधारावर मांडू?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु आपण ती ज्या शब्दांत मांडली आहे, त्या शब्दांत ती बैठकीत टिकणार नाही. ट्रेसी सिट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९६ संशोधन अहवालांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. नियम, माहिती, संकल्पना अशा ‘काय आहे’ या प्रकारच्या ज्ञानाच्या बाबतीत वेबवरील प्रशिक्षण वर्गापेक्षा ६ टक्के अधिक परिणामकारक असल्याचे त्यात आढळले, तर ‘कसे करायचे’ या प्रकारच्या ज्ञानात दोन्ही बरोबरीत राहिले. त्याहून महत्त्वाचे असे की, दोन्हीकडे शिकवण्याची पद्धत एकच ठेवली गेली होती, तेथे हा फरकही उरला नाही. उलट जेथे अभ्यासक्रम दीर्घ होता, शिकणाऱ्याला आपल्या गतीने पुढेमागे जाता येत होते, सराव करायला मिळत होता आणि चुकले तर ते लगेच कळत होते, तेथे वेबवरील प्रशिक्षण १९ टक्क्यांनी सरस ठरले. तेव्हा ‘वर्ग चांगला की पडदा चांगला’ या वादात आपण उतरू नये. आपल्या वर्गात आज जे जे घडते, त्यातले काय पडद्यावर घडणार आहे आणि काय कोणाच्याही नकळत गळून पडणार आहे, हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर विषयागणिक मागावे.

हे उत्तर शोधण्यासाठी एक जुनी चौकट मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांपुढे, ज्यांनी पूर्वी कधी कारखान्यात पाऊल ठेवले नव्हते अशा असंख्य लोकांना अल्पावधीत काम शिकवण्याचा प्रश्न उभा राहिला होता. त्यासाठी १९४० ते १९४५ या वर्षांत चालवलेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमाने पर्यवेक्षकांच्या हाती खिशात मावेल असे एक कार्ड दिले. काम शिकवण्याच्या चार पायऱ्या त्यावर छापलेल्या होत्या. पहिल्या पायरीत शिकणाऱ्याचे दडपण दूर करायचे आणि त्याला आधीपासून काय येते ते विचारून घ्यायचे. दुसऱ्या पायरीत काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचे आणि त्यातल्या कळीच्या जागा सांगायच्या. तिसरीत त्याच्याकडून ते करून घ्यायचे, करता करता त्या कळीच्या जागा त्याच्या तोंडून वदवून घ्यायच्या आणि चूक तेथल्या तेथे सुधारायची. चौथीत त्याला स्वतंत्रपणे कामाला लावायचे, अडल्यास कोणाकडे जायचे ते सांगून ठेवायचे आणि वरचेवर जाऊन पाहायचे. कार्डाच्या शेवटी लिहिलेले असे की, कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही.

आता या चार पायऱ्यांवर आपले प्रस्तावित ऑनलाइन प्रशिक्षण ठेवून पाहा. दुसरी पायरी चित्रफीत उत्तम पार पाडते, किंबहुना माणसापेक्षाही चांगली, कारण यंत्राच्या आत काय फिरते ते ती दाखवू शकते, न कंटाळता दहा वेळा दाखवते आणि रात्रपाळीलाही तितक्याच शांतपणे दाखवते. पहिली पायरी ती अर्धीमुर्धी पार पाडते. तिसरी आणि चौथी मात्र, विषय हाताने करण्याचा असेल तर, ती मुळीच पार पाडत नाही. यंत्राच्या दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा तोडून त्याला कुलूप लावण्याची पद्धत उदाहरणादाखल घेऊ. हे का करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि न केल्यास काय होते, हे सारे पडद्यावर शिकवता येते. पण स्विच बंद केल्यावर यंत्रात दाब किंवा विद्युतभार शिल्लक नाही याची खातरजमा करायला कामगार विसरतो की नाही, हे तो प्रत्यक्ष यंत्रापाशी उभा राहून काम करीत असताना जाणत्या माणसाने पाहिल्याखेरीज कळत नाही. वर्गाच्या दिवशी हे पाहणे आपोआप होत असे, म्हणून त्याचा वेगळा हिशेब कोणी मांडलेला नव्हता. वर्ग बंद झाला की ते काम कोणाच्याच वाट्याला राहत नाही.

म्हणून बैठकीत आपण वर्ग वाचवण्याची मागणी करू नये, असे मी सुचवेन. माहिती आणि नियमांचा भाग ऑनलाइन करण्यास मनापासून संमती द्यावी, आणि त्यातून वाचणाऱ्या खर्चाचा व वेळेचा ठरावीक वाटा तिसऱ्या व चौथ्या पायरीसाठी, म्हणजे पर्यवेक्षकांच्या प्रत्यक्ष तासांसाठी, लेखी स्वरूपात राखून घ्यावा. पर्यवेक्षकाने ‘हे काम याला माझ्यासमोर करता आले’ अशी सही केल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण धरले जाऊ नये, ही एकच अट मान्य करून घेता आली तरी आपण पुष्कळ काही वाचवले असे होईल. तक्रार ऐकण्याऐवजी बचतीचा वापर कसा करावा याची योजना समोर आली, तर व्यवस्थापनालाही तिचा विचार करणे सोपे जाते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दरवर्षी सुरक्षितता, माहितीची गोपनीयता, आचारसंहिता असे सात-आठ सक्तीचे ऑनलाइन मॉड्यूल पूर्ण करावे लागतात. बहुतेक सहकारी आवाज बंद करून ‘नेक्स्ट’ दाबत जातात आणि शेवटची चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. मीही तेच करते आणि मला त्याची लाज वाटते. यात दोष आमचा आहे का?

उत्तर : थोडा आहे, पण मोठा वाटा मॉड्यूलच्या रचनेचा आहे. प्रशिक्षणाची नोंद ठेवणारी प्रणाली, जिला आपण एलएमएस म्हणतो, ती मॉड्यूलकडून मुख्यतः तीन-चार गोष्टी टिपून घेते : ते उघडले की नाही, पूर्ण झाले की नाही, किती वेळ लागला आणि किती गुण मिळाले. या नोंदी तपासणीच्या वेळी दाखवता येतात, त्यामुळे हळूहळू त्या नोंदी मिळवणे हेच मॉड्यूलचे उद्दिष्ट होऊन बसते, आणि कर्मचारी हे न सांगता ओळखतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पातळ्यांवर करण्याचे सुचवले होते : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेला काय परिणाम मिळाला. ‘९८ टक्के कर्मचाऱ्यांनी पूर्ण केले’ हे वाक्य यांपैकी पहिल्या पातळीवरही बसत नाही.

दरवर्षी तेच मॉड्यूल देण्यामागे नियमाची सक्ती असू शकते, परंतु ज्याला ते येते त्यालाही ते अथपासून इतिपर्यंत पाहायला लावण्याची सक्ती बहुधा संस्थेनेच केलेली असते. चाचणी सुरुवातीला ठेवावी, ज्याला ती जमली त्याला फक्त यंदा बदललेला भाग दाखवून मोकळे करावे आणि ज्याला जमली नाही त्याला नेमका अडलेला भाग शिकवावा, एवढा बदल केला तरी ‘नेक्स्ट’ दाबणारे हात थांबतात. प्रश्नही प्रसंगातले असावेत. ‘गोपनीय माहिती म्हणजे काय?’ या प्रश्नाला सगळे बरोबर उत्तर देतात. ‘वरिष्ठांच्या नावाने घाईचा ईमेल आला असून त्यात सर्वांच्या वेतनाची यादी मागितली आहे, आता आपण काय कराल?’ या प्रश्नापाशी मात्र थबकावे लागते, आणि ते थबकणे हेच शिकण्याचे ठिकाण आहे.

आपल्याला लाज वाटते, याचा अर्थ त्या विषयांचे महत्त्व आपल्याला कळते. पुढच्या वेळी कोणते भाग आपल्याला पाठ आहेत आणि कोणत्या प्रसंगात आपल्याला अजूनही संभ्रम पडतो, याची अर्ध्या पानाची टिपणी करून ती प्रशिक्षण विभागाला पाठवा. तेथील माणसांना अशी टिपणी क्वचितच मिळते आणि मिळाली तर ती हवीच असते, हे मी स्वानुभवावरून सांगते.

प्रश्न : मी पूर्वी दिवसभराच्या कार्यशाळा घेत असे. आता तीच कार्यशाळा तितकाच वेळ व्हिडिओ कॉलवर घ्यायला सांगतात. सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात, प्रश्न विचारला तर शांतता पसरते, आणि संध्याकाळी मी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त थकलेला असतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर : वेळापत्रक चुकते आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणे मांडली : अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सारखा समोर असणे, एकाच जागी खिळून बसावे लागणे, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणा देण्या-घेण्यासाठी मनाला घ्यावे लागणारे जादा कष्ट. स्वतःचा चेहरा स्वतःला न दिसण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती आजच वापरा.

परंतु खरा उपाय दिवसाचे तुकडे पाडण्यात आहे. जे एकतर्फी सांगायचे आहे ते थेट वर्गात सांगू नका, ते आधी लहान लहान चित्रफितींत ध्वनिमुद्रित करून पाठवा. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या, तेव्हा चित्रफीत कितीही लांब असली तरी ती पाहण्याचा मध्यक कालावधी ६ मिनिटांच्या पुढे जात नसल्याचे दिसले. ते विद्यार्थी स्वेच्छेने आलेले होते, नोकरीतले लोक सक्तीने येतात, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. आणि स्लाइडवर लिहिलेले वाक्य मोठ्याने वाचून दाखवू नका. चित्राबरोबर निवेदन ऐकवून वर तेच निवेदन अक्षरशः लिहूनही दाखवले, तर शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते, हे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलेले आहे. ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांची ती भाषा नाही त्यांच्यासाठी उपशीर्षके अवश्य ठेवावीत, मात्र ती चालू-बंद करता यावीत.

मग थेट भेटीचा वेळ कशासाठी, तर ज्यासाठी माणसे एकमेकांना हवी असतात त्यासाठी. दीड तासांहून मोठे सत्र मी घेत नाही. चार-चार जणांचे गट करून त्यांच्यापुढे एक अडचणीचा प्रसंग ठेवावा आणि प्रत्येक गटाने काय ठरवले व का, हे सर्वांना सांगायला लावावे. प्रश्न विचारल्यावर पसरणाऱ्या शांततेबद्दल म्हणाल, तर ती बहुतेक वेळा अनास्थेची नसते. म्यूट काढायचे, आपल्याबरोबर दुसरे कोणी बोलत नाही ना याचा अंदाज घ्यायचा आणि मग बोलायचे, यात पाच-सात सेकंद जातात, आणि तेवढ्यात शिक्षकाने घाबरून स्वतःच उत्तर दिलेले असते. उत्तर आधी चॅटमध्ये लिहायला सांगा, पुरते थांबा आणि मग दोघा-तिघांना नावाने बोलवा. कॅमेऱ्याची सक्ती मात्र करू नका. घराची अडचण, मंद इंटरनेट, थकवा अशी कारणे लोक चारचौघांत सांगत नाहीत.

प्रश्न : आमचे वरिष्ठ म्हणतात की, ऑनलाइन प्रशिक्षण कधीही करता येते, म्हणून ते कामाच्या वेळेत करू नका, घरी मोबाइलवर करा. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. संस्थेने सांगितलेले प्रशिक्षण हे कामच आहे आणि त्याला कामाच्या वेळेतच जागा मिळाली पाहिजे. ‘कधीही करता येते’ याचा अर्थ कर्मचाऱ्याला सोयीची वेळ निवडता येते असा होता. तो बदलून ‘कर्मचाऱ्याच्या विश्रांतीतून करता येते’ असा कोणी करीत असेल, तर ते मान्य करू नये. दिवसभराच्या श्रमानंतर घरच्या गडबडीत लहान पडद्यावर पाहिलेले फारसे लक्षातही राहत नाही, त्यामुळे यात संस्थेचेही हित नाही. आपल्या गटाच्या वतीने वरिष्ठांना लेखी विनंती करावी की, आठवड्यातून एक तास वेळापत्रकात नाव घालून राखून ठेवावा आणि त्या तासात फोन व इतर कामे दुसऱ्या कोणाकडे सोपवावीत. एकट्याने मागण्यापेक्षा गटाने मागितलेले बरे.

प्रश्न : नवे सॉफ्टवेअर वापरण्याचे ऑनलाइन प्रशिक्षण आमच्या शाखेतल्या सर्वांनी चांगल्या गुणांनी पूर्ण केले. महिन्याभराने सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू झाले, तेव्हा कोणालाच काही आठवेना. प्रशिक्षण वाया गेले का?

उत्तर : पूर्ण वाया गेले नाही, पण त्याची वेळ चुकली आणि ते एकाच बैठकीत संपवले गेले. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे तो मोजत असे. २० मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के श्रम वाचले. कामाची माहिती निरर्थक नसते, म्हणून ती याहून बरी टिकते, पण विस्मरणाचा मोठा उतार पहिल्याच दिवशी असतो आणि मग तो सौम्य होतो, हे वळण आपल्याही अनुभवाचे आहे. ३१ दिवसांनीही जे २१ टक्के उरले, त्याकडेही लक्ष द्या : आपल्या सहकाऱ्यांना दुसऱ्यांदा शिकायला पहिल्याइतका वेळ लागणार नाही, हे त्यांना सांगितले तर त्यांचा धीर वाढेल.

पुढे काय करावे, याचे उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात सापडते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर इतरांनी तो एकदा वाचून दुसऱ्या वेळी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते आणि दोनदा वाचणाऱ्यांना ४२. आपल्या शाखेचे चांगले गुण पहिल्या पाच मिनिटांतले होते, असे म्हणता येईल. ते खोटे नव्हते, पण त्यांवरून महिन्यानंतरचा अंदाज करता येत नव्हता.

येथेच ऑनलाइन पद्धतीची खरी ताकद आहे आणि ती फार थोड्या संस्था वापरतात, याचे मला वाईट वाटते. वर्गातला शिक्षक तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन दोन प्रश्न विचारू शकत नाही. संगणक हे विनासायास करू शकतो. सॉफ्टवेअर सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात खऱ्या माहितीला हात न लागेल अशी सरावाची प्रत उघडून द्यावी, रोज एक व्यवहार त्यात न पाहता करायला सांगावा आणि चुकल्यास नेमके कोठे चुकले ते तेथेच दाखवावे. सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विभागात एक जाणकार सहकारी मोकळा ठेवावा. मूळ मॉड्यूल पुन्हा सर्वांना पाहायला लावणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे.

प्रश्न : माझे वय ५६ आहे आणि मी ३० वर्षे यंत्रांची देखभाल करीत आलो आहे. नव्या ऑनलाइन परीक्षेत मी दोनदा नापास झालो. ज्यांना मी काम शिकवले, ती मुले पहिल्याच वेळी पास झाली. आता संगणकासमोर बसले की हात थरथरतात. मी मागे पडलो आहे का?

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझीच एक चूक आठवली, ती आधी सांगते. काही वर्षांपूर्वी मी तयार केलेल्या एका चाचणीत पंपाच्या जोडणीचे टप्पे माउसने ओढून योग्य क्रमाने लावायचे होते. एक अनुभवी तंत्रज्ञ त्यात तीनदा नापास झाले. चौथ्या वेळी मी त्यांना पंपापाशी नेले आणि तेच करून दाखवायला सांगितले. त्यांनी ते एकदाही न अडखळता केले, वर माझ्या चाचणीत दोन टप्प्यांचा क्रम प्रत्यक्षात उलटा लागतो, हेही नम्रपणे दाखवून दिले. मी पंपाची परीक्षा घेते आहे असे समजत होते आणि घेत होते माउसची. ती चाचणी मी त्याच आठवड्यात बदलली, परंतु त्या तीन अपयशांचा त्यांना झालेला त्रास मला परत घेता आला नाही.

आपले कोडे असेच आहे की नाही, हे तपासण्याचा मार्ग आहे. परीक्षेतले प्रश्न कोणाला तरी कागदावर लिहून द्यायला सांगा आणि उत्तरे तोंडी द्या. उत्तरे बरोबर आली, तर अडचण विषयाची नाही, पडद्याची आहे, आणि ती पर्यवेक्षकाला तशीच सांगून तोंडी किंवा प्रत्यक्ष कामावरची परीक्षा मागण्याचा आपल्याला अधिकार आहे असे मी मानते. काही उत्तरे चुकली, तर तेवढेच विषय नव्याने पाहायचे आहेत, सगळे नाही.

पडद्याची अडचणही दूर करण्यासारखी आहे, मात्र ती विषयाबरोबर एकाच दिवशी सोडवायला जाऊ नका. ज्या मुलांना आपण काम शिकवले, त्यांतल्याच एखाद्या समंजस मुलाला सांगा की, चार दिवस रोज अर्धा तास माझ्याशेजारी बस, पण माउसला हात लावू नकोस, फक्त तोंडाने सांग. शिकवताना त्याचा हात पुढे येईल. आपण त्याला काम शिकवताना आपला हात कसा आवरत होता, ते आपल्याला आठवत असेल, तेच त्याला सांगा. पहिल्या दिवशी फक्त लॉगिन करून बाहेर पडायचे, असे पाच वेळा. दुसऱ्या दिवशी सरावाची चाचणी, गुण न पाहता. खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी, कामाला लागण्यापूर्वी द्या. आणि त्यात मांडलेला एखादा क्रम प्रत्यक्ष यंत्राशी जुळत नसेल, तर ते प्रशिक्षण विभागाला कळवायला विसरू नका.